जुनं मशीन, जुनी टॅली आणि वर चढवलेले टीडीएल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, सातपूर, वाळूज, इचलकरंजी, गोकुळ शिरगाव, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्याच्या ऑफिसात गेलात तर हेच चित्र दिसतं. कोपऱ्यात विंडोज ७ चं एक मशीन, त्याला सगळे 'सर्व्हर' म्हणतात. त्यावर टॅली ईआरपी ९ हे हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि तिच्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेले चार-पाच टीडीएल, म्हणजे टॅलीचे स्क्रीन, रिपोर्ट आणि बिलं बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅम फाइल्स. सगळं सुरळीत चाललेलं असतं, म्हणून कोणी हात लावत नाही. पुढचे प्रश्न हात लावायची वेळ आल्यावर विचारले जातात. खरं तर ते त्याआधी विचारायला हवेत.

एफ१२ मधली सेटिंग्ज बदलली, तर तेही कस्टमायझेशनच ना?

नाही. एफ१२ मधले पर्याय, एफ११ मधली फीचर्स, स्वतःचे व्हाउचर टाइप, कॉस्ट सेंटर, प्राइस लिस्ट हे सगळं कॉन्फिगरेशन झालं. टॅली कंपनीने दिलेल्या चौकटीतच तुम्ही निवड करता, त्यामुळे ते अपग्रेडमध्ये टिकतं. टीडीएल हा प्रोग्रॅम आहे. टॅलीचे स्वतःचे स्क्रीन, रिपोर्ट आणि बिलाचे फॉरमॅट टीडीएल याच भाषेत लिहिलेले असतात आणि तुमची फाइल त्यांच्यावर थर चढवते. खालचा थर हलला की वरचाही हलतो.

नवीन टीडीएलसाठी पैसे मोजण्याआधी हवं ते काम एफ१२ मधून होतं का ते पाहा. बिलावर गाडी नंबर, ट्रान्सपोर्टरचं नाव, बँकेचा तपशील किंवा दुसरा पत्ता हवा म्हणून लिहून घेतलेले टीडीएल आजही सर्रास दिसतात. ही सोय टॅलीत आधीपासून आहे.

आमच्याकडे कोणते टीडीएल चालू आहेत, हे कसं कळणार?

टॅलीप्राइममध्ये, म्हणजे ईआरपी ९ नंतरच्या टॅलीत, एफ१ दाबून 'टीडीएल अँड ॲड-ऑन' उघडा. तिथे चालू फाइल्स दिसतात आणि एफ४ ने 'मॅनेज लोकल टीडीएल' मध्ये त्यांचे पूर्ण पाथ मिळतात. ईआरपी ९ मध्ये हेच एफ१२ खाली 'प्रॉडक्ट अँड फीचर्स' मध्ये आहे. दुसरा मार्ग म्हणजे टॅलीच्या फोल्डरमधली टॅली.आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडणं. 'यूजर टीडीएल' समोर येस आहे का, आणि त्याखाली 'टीडीएल=' ने सुरू होणाऱ्या ओळी किती, ते मोजा.

ही तपासणी प्रत्येक मशीनवर करा. टीडीएल डेटाबरोबर जात नाही, तो त्या-त्या मशीनच्या टॅलीला जोडलेला असतो. डिस्पॅचच्या मशीनवर फाइलची जुनी प्रत आणि अकाउंट्सच्या मशीनवर नवी, हा गोंधळ इतका सर्रास आहे की 'बिल कधी बरोबर येतं, कधी चुकतं' असं ऐकलं की सगळ्यात आधी तेच बघावं. एखाद्या टीडीएलचा पाथ जुन्या टॅली पार्टनरच्या (टॅली विकणाऱ्या-सांभाळणाऱ्या माणसाच्या) पेनड्राइव्हकडे बोट दाखवत असेल तर हसू नका, तेही सापडतं.

अपग्रेड केल्यावर टीडीएल का मोडतो?

टीडीएलमध्ये मूळ व्याख्येला दोन प्रकारे हात लावता येतो. नावाआधी हॅशचं चिन्ह घातलं की मूळ व्याख्या तशीच राहते आणि तिच्यात भर पडते. तारांकन घातलं की मूळ व्याख्या पूर्ण बाजूला जाते आणि तुमची तिची जागा घेते. काम उरकायच्या घाईत बरेच जण दुसरा रस्ता धरतात: टॅलीचा अख्खा फॉर्म कॉपी करायचा, दोन ओळी बदलायच्या आणि तारांकन लावून टाकायचा.

पहिल्या प्रकारात नव्या रिलीजमध्ये मूळ नाव बदललं की टॅली उघडताना एरर येते. ती कटकट बरी, कारण ती दिसते. दुसऱ्या प्रकारात काहीच दिसत नाही. तुमच्या बिलाचा फॉर्म तीन वर्षांपूर्वीच्या टॅलीचा राहतो आणि त्यानंतर कंपनीने त्या फॉर्ममध्ये जे घातलं, मग तो क्यूआर कोड असो वा एखादा नवीन कर-तक्ता, ते तुमच्या बिलावर उमटतच नाही. म्हणून डेव्हलपरला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: 'यात तारांकनाच्या व्याख्या किती आहेत?' उत्तर शून्याच्या जवळ असलं पाहिजे.

एरर येत नाही, पण बिलावरचा कर चुकतो. असं कसं?

कराचा दर टीडीएलच्या आतच लिहून ठेवलेला असतो, म्हणून. योग्य टीडीएल कराचा टक्का लेजर किंवा स्टॉक आयटममधून उचलतो. घाईत लिहिलेल्या टीडीएलमध्ये सरळ बारा हा आकडा असतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा १२ आणि २८ च्या टप्प्यांतला बहुतेक माल ५, १८ किंवा ४० वर गेला. इंजिनिअरिंग जॉबवर्क ज्या 'उरलेल्या' वर्गात मोडायचं त्याचा दर १२ चा १८ झाला. मास्टरमध्ये (त्या लेजर किंवा आयटममध्ये) दर बदलून घेतला तरी असं टीडीएल छापील बिलावर बाराच दाखवत राहतं. म्हणजे पुस्तकात एक आकडा आणि ग्राहकाच्या हातातल्या कागदावर दुसरा.

तपासायला सोपं आहे. डेटाच्या कॉपीवर एका आयटमचा दर मुद्दाम ७ टक्के करा आणि बिल छापा. कागदावर सात आले तर टीडीएल मास्टर वाचतंय. नाही आले तर आकडा आत कोंबलेला आहे.

बिल नंबरचंही तसंच. नियमाप्रमाणे इन्व्हॉइस नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. जी-एस-टी, तिरपी रेघ, २०२५-२६, तिरपी रेघ, ०००१ हा नंबर मोजून पाहा, बरोबर सोळा भरतात. युनिट २ साठी टीडीएलने त्यात एक अक्षर घातलं, किंवा दहा हजारावं बिल निघालं, की सतरा होतात आणि ई-इन्व्हॉइसचं, म्हणजे सरकारकडे बिल नोंदवण्याचं, पोर्टल ते परत पाठवतं.

यूडीएफ म्हणजे काय? टीडीएल काढला तर त्यातली माहिती जाते का?

मूळ टॅलीत नसलेलं, टीडीएलने तयार केलेलं माहितीचं घर म्हणजे यूडीएफ. उदाहरणार्थ हीट नंबर, बीम नंबर, गेटपास नंबर. टीडीएल काढला की ही माहिती स्क्रीनवरून नाहीशी होते, डेटात मात्र राहते आणि तीच फाइल परत जोडली की दिसते. तरीही टीडीएल काढलेल्या अवस्थेत जुनी व्हाउचर अल्टर करू नका. आणि डेटा एक्सएमएलने दुसऱ्या कंपनीत न्यायचा असेल तर दोन्हीकडे टीडीएल चालू ठेवूनच न्या.

खरा धोका नंबरांच्या टकरीचा आहे. प्रत्येक यूडीएफला डेव्हलपर एक नंबर देतो. समजा पहिल्या पार्टनरने गेटपाससाठी स्ट्रिंग प्रकारात १००१ वापरला आणि पाच वर्षांनी दुसऱ्याने ट्रान्सपोर्टरच्या नावासाठी त्याच प्रकारात १००१ घेतला. मग जुन्या बिलावर ट्रान्सपोर्टरच्या जागी गेटपास नंबर येतो. दोघांपैकी कोणाचाही कोड स्वतंत्रपणे चुकीचा नसतो, त्यामुळे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दोघेही खरं बोलत असतात. यूडीएफचं नाव, प्रकार, नंबर आणि उपयोग अशी चार रकान्यांची एक यादी करा. ती डेव्हलपरकडे नको, तुमच्या फाइलमध्ये हवी.

टीडीएल लिहिणारा माणूस आता सापडत नाही. आमच्याकडे फक्त .टीसीपी फाइल आहे.

.टीसीपी ही कंपाइल केलेली फाइल. ती चालवता येते, पण उघडून दुरुस्त करता येत नाही. दुरुस्तीला .टीडीएल किंवा .टीएक्सटी सोर्स लागतो. तो नसेल तर नवा माणूस शून्यापासून लिहील, किंवा जुनी फाइल तशीच ठेवून तिच्यावर आणखी एक चढवेल. दुसरा पर्याय स्वस्त पडतो. घेऊ नका.

पुढच्या वेळी काम देताना सोर्स मिळेल असं कागदावर घ्या. 'पैसे दिले म्हणजे कोड आमचा' हा समज चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार नोकराने नोकरीत लिहिलेला प्रोग्रॅम मालकाचा होतो. बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेला, वेगळा करार नसेल तर, त्याचाच राहतो. हक्क हस्तांतरित करायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचं हस्तांतरण लागतं आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून करारात मुदत घाला. शेवटचा हप्ता सोर्स, यूडीएफची यादी आणि कोणत्या रिलीजवर तपासलं याची नोंद हातात पडल्यावरच द्या.

आमचं विंडोज ७ ३२-बिट आहे. त्याने काय अडतं?

बरंच. टॅलीप्राइमला ६४-बिट विंडोज लागतं. 'कॉम्प्युटर' वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'सिस्टिम टाइप' पाहा. ३२ वरून ६४ वर विंडोज जागच्या जागी अपग्रेड होत नाही, नव्याने टाकावं लागतं. म्हणजे आधी सगळं बाहेर काढणं आलं.

६४-बिटवर गेल्यावर दोन गोष्टी मोडतात. पहिली, टीडीएलमधून बोलावलेली ३२-बिट डीएलएल (प्रोग्रॅमला मदत करणारी वेगळी फाइल). एसएमएस पाठवणारे, बारकोड छापणारे, वजनकाटा वाचणारे जुने टीडीएल अशा डीएलएलवर चालतात आणि ६४-बिट प्रोग्रॅम ती उचलूच शकत नाही. दुसरी, एक्सेलमधल्या ओडीबीसीवर (टॅलीतले आकडे थेट एक्सेलमध्ये आणणाऱ्या जोडणीवर) चालणाऱ्या शीट्स. ड्रायव्हर आणि एक्सेल दोन्ही एकाच बिटचे हवेत. साहेबांची सकाळची 'येणी'ची शीट बंद पडली की बहुधा कारण हेच.

विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यामुळे 'जुनं झालं म्हणून' आज कुणी तुम्हाला विंडोज १० चं सेकंडहँड मशीन देत असेल तर विंडोज ११ त्यावर चढतं का ते आधी विचारा.

विंडोज ७ वरून ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलला कनेक्शनच होत नाही. टीडीएल बिघडलाय का?

आधी तारीख पाहा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की वीज जाऊन आल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि सुरक्षित कनेक्शन नाकारलं जातं. बटणाएवढी सेल आहे, बदला. तारीख बरोबर असेल तर टीएलएस १.२ चा, म्हणजे सुरक्षित कनेक्शनच्या पद्धतीचा, प्रश्न असू शकतो. विंडोज ७ ला ते येतं, पण काही प्रोग्रॅमसाठी मुळात बंद असतं. केबी३१४०२४५ हे अपडेट आणि त्यासोबतचा रजिस्ट्री बदल लागतो. हे दोन्ही झाल्यावर टीडीएलकडे वळा.

टॅली फार हळू चालते. रॅम वाढवू की टीडीएल काढू?

आधी घड्याळ लावून मोजा. नेहमीचा एक जड रिपोर्ट, समजा वर्षाचा स्टॉक समरी, टीडीएलसह किती सेकंदांत येतो ते लिहा. मग टॅली.आयएनआय मध्ये 'यूजर टीडीएल=नो' करून टॅली पुन्हा उघडा आणि तोच रिपोर्ट काढा. वेळ निम्म्याहून खाली आला तर दोष टीडीएलचा. अशी टीडीएल प्रत्येक ओळीसाठी सगळी व्हाउचर पुन्हा चाळतात. हजार व्हाउचरांवर ते कळत नाही, लाखावर मशीन हँग होतं. फरक पडला नाही तर दोष मशीनचा. तेव्हा फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकल्याने जितका फरक पडतो तितका रॅमने सहसा पडत नाही.

डिस्क काढण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने तिची तब्येत पाहा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे भाग) शून्यापेक्षा जास्त असेल तर रिपेअर, रीराइट (डेटा नव्याने लिहिण्याची टॅलीची सोय), स्कॅन काहीही चालवू नका. पहिलं काम डेटा फोल्डर बाहेर कॉपी करणं. मरायला टेकलेल्या डिस्कवर रीराइट मारणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं.

'सर्व्हर' एक्सपीचा आहे. नव्या मशीनवरून त्यावरचं फोल्डर दिसत नाही.

एक्सपी फाइल शेअरिंगसाठी एसएमबी १ ही जुनी पद्धत वापरतं आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ते मुळात बंद असतं. इंटरनेटवर सगळीकडे 'विंडोज फीचर्समधून चालू करा' असा सल्ला मिळेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता. चालू करायचंच असेल तर डेटा बाहेर काढण्यापुरतं, इंटरनेटची केबल काढून, आणि काम झालं की बंद.

वजनकाटा आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं काय?

काट्याचा इंडिकेटर सिरीयल पोर्टवर बोलतो. नव्या मशीनला तो पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर येतो आणि तो दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला की पोर्टचा नंबर कॉम ३ चा कॉम ७ होतो. टीडीएल मात्र कॉम ३ कडेच बघत बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या 'ॲडव्हान्स्ड' मधून नंबर परत ३ करा आणि सॉकेटला चिकटपट्टी लावा. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) इंडिकेटरवर जो आहे तोच हवा.

प्री-प्रिंटेड स्टेशनरीवर डॉट मॅट्रिक्स फॉरमॅटमध्ये छापणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं की त्या मोडमध्ये फक्त अक्षरं छापली जातात. ई-इन्व्हॉइसचा क्यूआर कोड चित्र आहे. त्याला टॅलीतला 'नीट मोड' (चित्रंही छापणारा, इंग्रजीतला 'neat') लागतो, आणि क्यूआर इतका दाट असतो की झिजलेल्या रिबनवर तो वाचला जात नाही. चलनं डॉट मॅट्रिक्सवर आणि टॅक्स इन्व्हॉइस लेझरवर, ही वाटणी सर्वांत कमी त्रासाची.

मग अपग्रेड नेमकं कोणत्या क्रमाने करायचं?

महिन्याच्या २० तारखेनंतरचा शनिवार निवडा, म्हणजे जीएसटीआर-३बी (जीएसटीचं महिन्याचं विवरण) होऊन गेलेली असते. मार्चअखेर टाळा.

१. टॅली सगळ्या मशीनवर बंद करा. डेटा फोल्डर, टॅली.आयएनआय आणि सगळ्या टीडीएल फाइल्स दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी करा. टॅलीचा बॅकअप घ्याच, पण अख्ख्या फोल्डरची कॉपीही हवी.

२. जुन्या आवृत्तीत ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी, येणी-देणी आणि जीएसटीआर-१ चे एकूण आकडे पीडीएफमध्ये काढून ठेवा.

३. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. तिला डेटाची कॉपी द्या, मूळ डेटा नाही. टॅलीप्राइमच्या ३.० पासून डेटा एकदा वर गेला की जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

४. आधी एकही टीडीएल न जोडता उघडा आणि आकडे जुळवा. इथे फरक आला तर प्रश्न डेटाचा आहे.

५. टीडीएल एकेक जोडा. प्रत्येकानंतर विक्री, खरेदी, डेबिट नोट, जॉबवर्क चलन प्रत्येकी एक एंट्री करा, छापा, अल्टर करा, पुन्हा छापा. अल्टर करताना मोडणारे टीडीएल बरेच असतात आणि तपासणीत नेमकं तेच राहून जातं.

६. लायसन्स दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर जुन्यावर आधी सरेंडर करा. मशीन बंद पडल्यावर हे करता येत नाही, मग सपोर्टच्या मागे लागावं लागतं. नव्या रिलीजसाठी टीएसएस (टॅलीची अपडेट-सेवेची वर्गणी) चालू आहे का, तेही याआधीच पाहून घ्या.

सगळे टीडीएल एकदम जोडून 'चालतंय का बघू' करणाऱ्यांचा सोमवार फोनवर जातो.

अपग्रेडच करायचं नाही असं ठरवलं तर?

प्रोप्रायटरी फर्म असेल, उलाढाल ५ कोटींच्या आत असेल आणि दर मास्टरमधून येत असतील तर ईआरपी ९ वर काही काळ निभेल. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या बी-टू-बी विक्रीला ई-इन्व्हॉइस लागतं आणि ज्याला ते लागू आहे त्याचं आयआरएन (पोर्टलने दिलेला नोंदणी नंबर) नसलेलं बिल हे बिलच धरलं जात नाही. १० कोटी आणि त्यावर १ एप्रिल २०२५ पासून बिल पोर्टलवर नोंदवायला ३० दिवसांची मुदतही आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. 'आमचं टीडीएल नव्या टॅलीत चालत नाही' हे कारण ऑडिटर लिहून घेईल, मान्य करणार नाही.

आमच्याकडे सॅप (मोठ्या कंपन्या वापरतात ते सॉफ्टवेअर) आहे. हे आम्हाला लागू नाही ना?

लागू आहे, फक्त आकडे मोठे. सॅपमध्ये ग्राहकाच्या कोडसाठी झेड आणि वाय ही आद्याक्षरं राखलेली आहेत, म्हणून नंबरांची टक्कर कमी. पण मूळ कोडलाच हात लावला असेल तर प्रत्येक अपग्रेडला एसपीडीडी आणि एसपीएयू या सॅपच्या साधनांमधून एकेक बदल पुन्हा बसवावा लागतो. सॅपच्या ईसीसी ६.० या जुन्या आवृत्तीच्या नव्या एन्हान्समेंट पॅकेजांची नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपते. आजपासून कोणते झेड प्रोग्रॅम वर्षभरात एकदाही चालले नाहीत त्याची यादी काढायला घ्या; यादी लांब निघेल.

फॉक्सप्रोतलं पॅकेज आणि जुने मराठी फॉन्ट?

डॉसवरचा फॉक्सप्रो (जुन्या पॅकेजांमागचा डेटाबेस प्रोग्रॅम) ६४-बिट विंडोजवर चालत नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रो चालतो, पण त्याचा विस्तारित सपोर्ट १३ जानेवारी २०१५ ला संपला आणि त्याच्या डीबीएफ या डेटा फाइलची मर्यादा २ जीबी आहे. नवीन सॉफ्टवेअरमध्ये जाताना सभासदांची नावं आयएसएम किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर ती युनिकोड करून घ्यावी लागतात, नाहीतर 'कुलकर्णी' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टरने रफार आणि जोडाक्षरं हटकून चुकतात. शंभर नावं डोळ्यांनी तपासा आणि त्यात 'र्‍हस्व', 'कऱ्हाड', 'ज्ञानेश्वर' यांसारखी मुद्दाम निवडून घ्या.

सगळं हलवल्यावर जुनं मशीन भंगारात द्यायचं का?

लगेच नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशोब आठ वर्षं जपावे लागतात. जीएसटीचे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने. ज्या यूडीएफ नव्या टॅलीत आणल्या नाहीत, त्या फक्त जुन्या टीडीएलसहच दिसतील. डिस्क२व्हीएचडी या प्रोग्रॅमने जुन्या मशीनची प्रतिमा (अख्ख्या डिस्कची फाइल) घ्या, ती नव्या मशीनवर नेटवर्क बंद ठेवून एकदा सुरू करून पाहा आणि जुनं एक बिल त्यातून छापून घ्या. टॅलीचं लायसन्स नव्या जागी गेल्यामुळे तिथे ती एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्स नसतानाच्या मर्यादित अवस्थेत) उघडेल, बघण्यापुरतं तेवढं पुरतं. बिल छापून झालं की जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. उरलेला डबा खुशाल द्या.